अंथरुणावरच्या माणसाला व्हीआर हेडसेटमधून रान कसं दाखवावं

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, मान वळवाल तसं त्यातलं दृश्य वळतं. तो चार्ज करा, भिंगं पुसा, चष्मा आत मावतो का बघा. फिट येत असतील किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी मेख आहे दृश्य निवडण्यात. ‘भारीतला भारी व्हिडिओ लावा’ असं सांगणारे ड्रोनने टिपलेली दरी लावतात आणि मोकळे होतात. डोळे म्हणतात आपण उडतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण पडून आहोत. या भांडणात पोटात ढवळतं, घाम फुटतो, आणि आजी पुन्हा हेडसेटला हात लावू देत नाहीत. कॅमेरा एका जागी रोवलेलाच हवा. हलायचं ते पानांनी आणि पाण्याने.

दुसरं त्रांगडं उताणं पडलेल्या माणसाचं. 360 अंशांचा, म्हणजे चहूबाजूंनी दिसणारा व्हिडिओ उभ्या-बसलेल्या माणसाच्या हिशेबाने चित्रित होतो. यांची नजर छताकडे, त्यामुळे दिसतं नुसतं रिकामं आभाळ. मलाही हे कोडं लवकर सुटलं नव्हतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलता आली तर उत्तम. नाहीतर दाट झाडाखाली चित्रित केलेलं दृश्य शोधा: वर पानांची जाळी, त्यातून झिरपणारं ऊन. माझं मत विचाराल तर हेच आधी शोधा.

पार्श्वसंगीत बंद, पाखरं, वारा पुरे. पहिल्या वेळी पाच मिनिटांच्या वर नको. चेहरा झाकलेला असतो, म्हणून हातांकडे लक्ष ठेवा. चादर मुठीत आवळली किंवा सारखा आवंढा गिळायला लागले, की लगेच थांबवा. काढण्याआधी सांगून काढा.

अपेक्षा बेताची ठेवा. 1984 मध्ये रॉजर उलरिच या संशोधकांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अभ्यास छापला: खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पण ती खरी खिडकी होती. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या प्रयोगात समुद्रातल्या प्रवाळांची दृश्यं साध्या टीव्हीवर पाहूनही कंटाळा कमी झाला. मन जास्त खुललं ते हाताळता येणाऱ्या, म्हणजे पाहणाऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या व्हीआरने. तेव्हा हेडसेट जड वाटतोय अशी कुरकुर झाली, तर हट्ट करू नका, टीव्ही लावा. आणि पलंग खिडकीकडे वळवता येत असेल, तर हेडसेट विकत घेण्याआधी तो वळवा.