अनेक देशांची महिला बास्केटबॉल लीग: वेळापत्रक जोड्यांनी आखा

स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो या भागात 2001 पासून महिलांची ॲड्रिॲटिक लीग खेळली जाते. अशा लीगमध्ये क्लबचा बराच पैसा आणि खेळाडूंचा बराच दम प्रवासातच जातो. म्हणून वेळापत्रकाला बसताना आधी नकाशा उघडा, संघांची यादी नंतर.

आठ संघांची दुहेरी साखळी (प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर) म्हणजे 56 सामने. प्रत्येक संघाला 14, त्यातले सात परक्या मैदानावर. चिठ्ठ्या टाकून फेऱ्या ठरवल्या तर सात वेगळे प्रवास होतात. त्याऐवजी जवळजवळच्या क्लबांच्या चार जोड्या करा. एक जोडी दुसऱ्या जोडीकडे गेली की तिच्यातला प्रत्येक संघ शुक्रवारी तिथल्या एका संघाशी आणि रविवारी दुसऱ्याशी, असे दोन्ही सामने उरकूनच परत येतो. लांबचे प्रवास तीनच राहतात, शिवाय आपल्या जोडीदाराकडे एक छोटी फेरी.

समजा सर्बियातल्या बेलग्रेडच्या संघाला क्रोएशियातलं झाग्रेब आणि स्लोव्हेनियातलं ल्युब्ल्याना इथं खेळायचंय. बेलग्रेड–झाग्रेब साधारण 390 किलोमीटर आणि तिथून ल्युब्ल्याना 140. दोनदा जाऊन आलं तर सुमारे 1,840 किलोमीटर होतात, एकाच फेरीत 1,060. शनिवार मोकळा सोडायलाच हवा. सलग दोन दिवस सामने ठेवले तर दुसऱ्या दिवशी पाय जड पडतात आणि दुखापती होतात. बहुतेक क्लब आपल्या देशाची लीगही खेळतात, तेव्हा त्यांच्या तारखा आधी मागवून घ्या. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत सहसा राष्ट्रीय संघांचे सामने असतात, त्या आठवड्यांत फेरी ठेवू नका.

आता सीमा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे, सर्बिया, बॉस्निया आणि माँटेनेग्रो बाहेर. बेलग्रेडहून झाग्रेबला जाताना बात्रोव्त्सी–बायाकोवो नाक्यावर सगळी बस तपासली जाते. तिथं किती वेळ जाईल याचा नेम नाही, म्हणून सामन्याच्या दिवशी सीमा ओलांडायचा बेत नको. ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांतही पाच खेळाडू तयार नसतील, तर फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमानुसार सामना 20–0 ने जातो आणि गुणतक्त्यात गुण शून्य. न खेळता हरण्याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही.

व्हिसा लागणाऱ्या परदेशी खेळाडूचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का, हे हंगामाआधीच पाहा. क्रोएशियातल्या क्लबची खेळाडू एकाच प्रवेशाच्या व्हिसावर माँटेनेग्रोतल्या पोदगोरित्साला गेली, तर परतीच्या वाटेवर अडकते.

नावांचा घोळही इथलाच. 'डी'ला आडवी रेघ असलेलं एक अक्षर सर्बियन आणि क्रोएशियन नावांत सर्रास येतं. ते कुठे नुसतं 'डी' तर कुठे 'डीजे' लिहिलं जातं, आणि परवाना, पासपोर्ट व स्कोअरशीट या तिन्ही ठिकाणी आडनाव वेगळं दिसतं. नोंदणीच्या वेळी पासपोर्टवरचंच स्पेलिंग सगळीकडे वापरायचं, असा नियम करून टाका.

सामन्याच्या दिवशी चेंडू सहा नंबरचा आहे ना, हे हाताने बघा. पुरुष संघही वापरतो त्या हॉलच्या कपाटातून हमखास सात नंबरचा निघतो. घरच्या संघाने फिकट रंगाची जर्सी घालायची. खेळाडूंची यादी सामन्याच्या 40 मिनिटं आधी टेबलावर पोचली पाहिजे आणि पहिल्या पाच जणी प्रशिक्षकाने 10 मिनिटं आधी पक्क्या कराव्यात.

सगळ्यात जास्त वाद गुणतक्त्यावर होतात. विजयाला दोन गुण, पराभवाला एक. गुण सारखे झाले की लोक हंगामभराचा बास्केट-फरक (सामन्यांत केलेल्या आणि दिलेल्या गुणांमधला फरक) काढायला बसतात, ते चूक आहे. आधी फक्त बरोबरीतल्या संघांचे आपसातले निकाल, मग त्याच सामन्यांतला फरक. एकेरी साखळीचं उदाहरण घेऊ. अ ने ब ला 70–60 हरवलं, ब ने क ला 65–60 आणि क ने अ ला 72–68. तिघींचा एकेक विजय. फरक मात्र अ चा अधिक 6, क चा उणे 1 आणि ब चा उणे 5. क्रम अ, क, ब असा लागतो. शेवटच्या फेरीआधी हा हिशेब कागदावर मांडून प्रशिक्षकाच्या हातात द्या: चारने हरलो तर चालेल की नाही, हे तिला टाइम-आउट घेण्याआधी माहीत असायला हवं.