सायन्स प्रोजेक्ट केलाय, आता तो जजसमोर मांडायचा कसा

प्रोजेक्ट संपला की बहुतेक मुलं आधी काय करतात तर भाषण लिहून पाठ करायला बसतात. ते नका करू, खरंच. जज पाठ केलेलं ऐकायला येत नाहीत, ते येतात हे बघायला की हे काम तुम्हीच केलंय का आणि केलं असेल तर ते तुम्हाला कळलंय का. आयसेफ म्हणजे शाळकरी मुलांची जगातली सगळ्यात मोठी सायन्स स्पर्धा, 1950 पासून चालू आहे, तिथली गुणांची वाटणी बघा. 100 पैकी संशोधनाच्या प्रश्नाला 10, पद्धतीला 15, प्रत्यक्ष काम आणि डेटाला 20, कल्पकतेला 20 आणि सादरीकरणाला 35, आणि त्या 35 मध्ये पोस्टरला फक्त 10, बाकी 25 मुलाखतीला! आणि आपण पोस्टरच्या बॉर्डरवर रात्र घालवतो.

म्हणून तयारी प्रश्नांची करायची. एक वही घ्या, आपल्या प्रोजेक्टवर कोणी काय काय विचारू शकेल ते सगळं लिहून काढा, अवघड प्रश्न आधी, आणि मग घरातल्या किंवा वर्गातल्या अशा माणसाला विचारायला बसवा ज्याला तुमच्या विषयातलं काही माहीत नाही. असा माणूस "म्हणजे काय?" असं न लाजता विचारतो, आणि आपण नुसतेच शब्द फेकत होतो हे तिथेच लक्षात येतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा खारट पाण्याचा बी उगवण्यावर काय परिणाम होतो असा प्रोजेक्ट आहे. खारटपणाच्या प्रत्येक पातळीला 3 डिश, प्रत्येक डिशमध्ये 10 बिया. जज विचारणार, सॅम्पल साइज किती? मुलं पटकन म्हणतात 30. पण एका डिशमधल्या दहाही बियांना तेच पाणी, तीच जागा, तोच उजेड मिळालाय, त्या डिशमध्ये बुरशी आली तर दहाच्या दहा बियांना त्रास होणार, म्हणजे त्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. खारटपणा तुम्ही डिशला दिलाय, सुट्या बीला नाही, त्यामुळे खरा आकडा 3 धरायचा. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत आणि वर म्हणालात की परत करेन तेव्हा प्रत्येक डिशमध्ये बिया कमी आणि डिश जास्त ठेवेन, तर जजना कळतं की या पोरीने किंवा पोराने खरोखर डोकं लावलंय. असंच कंट्रोलचं, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या डिशचं. साधं पाणी दिलेली डिश कुठेय, आणि ती बाकीच्यांसारखीच त्याच खिडकीत ठेवली होती का, हे विचारतातच.

डेटा चुकीचा आला, गृहीतक खोटं ठरलं, काय करू? काही करू नका, जसं आलंय तसं मांडा. परिणाम दिसला नाही हाही निकालच आहे, फक्त "परिणाम होत नाही" असं ठोकून न देता "एवढ्या सॅम्पलमध्ये आम्हाला परिणाम दिसला नाही" असं म्हणायचं, दोन्हीत खूप फरक आहे. आणि न जमणारे आकडे गुपचूप गाळायचे नाहीत. एखादी डिश सांडली म्हणून सोडली असेल तर तसं लिहा, कारणासकट.

ग्राफ. दोन्ही अक्षांवर काय आहे आणि कुठल्या एककात ते लिहिलेलं हवं. एरर बार (आकडा किती वरखाली असू शकतो हे दाखवणाऱ्या उभ्या रेघा) टाकले असतील तर ते स्टँडर्ड डेव्हिएशनचे (आकडे किती पसरलेत) आहेत की स्टँडर्ड एररचे (सरासरी किती पक्की आहे) हे खाली लिहा, नाहीतर त्या रेघांना काही अर्थ उरत नाही. लाल-हिरवी जोडी टाळा, बऱ्याच लोकांना, त्यातही पुरुषांना जास्त, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

पोस्टरवर मजकूर कमी ठेवा, दोन पावलं मागे उभं राहून वाचता आला पाहिजे. शीर्षकात विषय नुसता टाकू नका, सापडलं काय ते टाका. सारांश आयसेफला 250 शब्दांत बसवावा लागतो आणि तुमच्या स्पर्धेला मर्यादा नसली तरी ती पाळा, फापटपसारा आपोआप जातो. नियम मात्र आधीच वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी जिवंत झाडं, माती, केमिकल टेबलावर ठेवू देत नाहीत, आयसेफला तर साधं पाणीही चालत नाही! फोटो काढून ठेवा, ते पुरतात.

लॉगबुक, म्हणजे काम करताना रोज नोंदी केलेली वही, ओरिजिनलच न्या, खाडाखोड असलेलं, डाग पडलेलं. फेअर करून आणलेली वही बघून उलट शंका येते.

मदत कोणी केली ते लपवू नका. लॅबमधल्या दादाने मशीन चालवून दिलं, सरांनी स्टॅटिस्टिक्सची टेस्ट सुचवली, एआयने कोड लिहायला मदत केली, सगळं सांगून टाका आणि लगेच त्यापुढे तुमचा वाटा काय तेही सांगा. मशीन दुसऱ्याने चालवलं यात काहीच वाईट नाही, पण ते आतून काय मोजतं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. टीम असेल तर (आयसेफला जास्तीत जास्त 3 जण) "ते तिला माहितीये" हे उत्तर चालत नाही, प्रत्येकाला सगळं यायला हवं.

प्रत्यक्ष बोलताना पोस्टरच्या बाजूला उभे राहा, समोर आडवे नको. सुरुवात दोन मिनिटांत: प्रश्न काय होता, तो का पडला, काय केलं, काय मिळालं. मग थांबा. जजना विचारू द्या. मुलं घाबरून बोलतच राहतात आणि वेळ तिथेच संपतो, मुलाखतीचे गुण राहूनच जातात.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, पण तिथे सोडू नका. "हे मी तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर तापमान कायम ठेवून असं असं करून बघेन." फेकाफेकी केलीत तर मात्र पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो, आणि समोर बसलेला माणूस बहुधा त्याच विषयात वर्षानुवर्षं काम करत असतो.

एक जज गेले की दुसरे यायच्या आत त्यांनी विचारलेलं लॉगबुकात टिपून ठेवा, विशेषतः जिथे अडलात ते. तोच प्रश्न पुढचे जज विचारायची शक्यता बरीच असते.