पहिली २०० किलोमीटरची बीआरएम: पैसा कुठे घालायचा, वेळ कुठे राखायचा

हल्लीच्या बऱ्याच सायकल इव्हेंटच्या फीमध्ये टी-शर्ट, नाश्ता, झुंबा, मेडल सगळं बसवलेलं असतं. बीआरएमला, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायच्या राइडला, यातलं फारसं काही नसतं. हाती येतं ते ब्रेव्हे कार्ड, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी (कंट्रोलवर) शिक्के मारून घ्यायचं कार्ड. मेडल हवं असेल तर त्याचे पैसे सहसा वेगळे. इथे पहिला-दुसरा नंबरही नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं. म्हणून वाचलेले पैसे टायर आणि दिव्यांवर घाला. महागडी कार्बन सायकल लागत नाही.

टायर २८ मिमी किंवा जाड. साधारण ७० किलोच्या माणसाला ७०-८० पीएसआय हवा पुरते. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरली तर खराब रस्त्यावर हात भरून येतात. सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला) असेल तर पितळी अडॅप्टर घ्याच, नाहीतर पंक्चरवाल्याकडे हवा असून भरता येत नाही. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसून बघा. फडकं जिथे अडकेल तिथे तार. ती तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

हेल्मेट, पुढे-मागे सायकलला पक्के बसवलेले दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. सकाळी ६ला सुटलात तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. थंडीत तोवर अंधार झालेला असतो.

आता वेळेचं गणित. १०० किलोमीटरवरचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे १२:४०ला बंद होतो. चालत्या सायकलचा वेग ताशी २० असेल तर २०० किलोमीटरना दहा तास, उरले साडेतीन. पंक्चर, घाट, जेवण सगळं त्यातच. हा वेळ जातो तो बहुधा चहाच्या टपरीवर, चढावर नव्हे. दर थांबा दहा मिनिटांचा ठेवा, जेवायला पंचवीस.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात त्यातली एक बाटली ओआरएसची. भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला केळं, चिक्की किंवा खजूर. पोटभर मिसळ शेवटच्या कंट्रोलनंतर.

कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घामाने शाई पसरते. जिथे शिक्का मारायला कोणी नसतं तिथे दुकानाचं बिल किंवा एटीएमची पावती मागतात. तिच्यावरची वेळ तिथेच तपासा. घरची गाडी मागे आणू नका. मदत फक्त कंट्रोलवर चालते, मधल्या रस्त्यावर घेतली तर बाद.