शेरूचा मागचा पाय

आमचा शेरू १० वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा, बॉल दिसला की अजून वेडा होतो. बसून उठला की मागचा उजवा पाय उचलून धरायचा, चार पावलं चालला की ठीक, म्हणून आम्ही ‘वय झालं’ म्हणत दोन महिने घालवले (चूकच). शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा हलवून बघितला तर नडगीचं हाड पुढे सरकत होतं, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं धरून ठेवणारा पट्टा) गेलेलं, एक्सरेत ते थेट दिसतच नाही. ऑपरेशन झालं. मग बेल्ट लावून ५-५ मिनिटं चालवणं, हळूहळू वाढवत, फरशीवर जुन्या योगा मॅट, जिना बंद, आणि वजन ३८ वरून ३३, त्यासाठी आईचं चोरून तूप-पोळी देणं थांबवणं हेच सगळ्यात अवघड गेलं. आता पाय पूर्ण टेकवतो, बॉल मात्र आम्ही फेकत नाही, नुसता घरंगळत सोडतो.