नव्या एसयूव्हीच्या गिअरबॉक्समधून ऑइल झिरपते आहे? या चुका टाळा

सकाळी गाडी पार्किंगमधून बाहेर काढावी आणि मागे फरशीवर रुपयाएवढा तांबूस डाग दिसावा. गाडी दोन-अडीच वर्षांची, ऑटोमॅटिक, चाळीस हजार किलोमीटरही न झालेली. गिअर व्यवस्थित पडताहेत आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही. अशा वेळी काही जण फरशी पुसून विषय संपवतात, तर काही जण त्याच संध्याकाळी ओळखीच्या गॅरेजात जाऊन अर्धा लिटर ऑइल ओतून घेतात. दोन्ही चुकाच आहेत, पण माझ्या मते दुसरी अधिक महागात पडते. संथ गळतीने गिअरबॉक्स सहसा आठवड्याभरात निकामी होत नाही. त्या गळतीवर घाईने केलेल्या उपायाने मात्र तो खरोखर बिघडू शकतो.

डाग कशाचा आहे, हे न पाहताच निदान करणे

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब गिअरबॉक्सचा नसतो. एसीचे पाणी रंगहीन असते आणि वाळले की मागे काही उरत नाही. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते, बोटाला किंचित चिकट लागते आणि त्याला गोडसर वास येतो. इंजिन ऑइल वापरानंतर तपकिरी होते, डिझेल गाडीत तर काळेभोर. ब्रेकचे ऑइल फिकट पिवळे असते आणि बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला आढळते. तसे दिसले तर गाडी हलवूच नये. जुन्या गाड्यांमध्ये लाल थेंब पॉवर स्टिअरिंगचाही असू शकत असे. आजच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये स्टिअरिंग विजेवर चालते, तेथे ऑइलच नसते. त्यामुळे लाल थेंब दिसला तर संशय थेट गिअरबॉक्सवर जातो.

मात्र लाल रंग म्हणजेच गिअरबॉक्सचे ऑइल, हे समीकरणही पुरते खरे नाही. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळ्या रचना विकल्या जातात. हॅरिअरच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरकडे पोहोचवणारा भाग) आहे, एलिव्हेटमध्ये सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली), व्हेन्यूच्या टर्बो पेट्रोलमध्ये ड्राय क्लचचा, म्हणजे क्लच ऑइलमध्ये न बुडालेला, डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स), आणि नेक्सॉनमध्ये तुम्ही कोणता प्रकार घेतला त्यानुसार एएमटी किंवा वेट क्लचचा, म्हणजे क्लच ऑइलमध्ये असलेला, डीसीटी. टॉर्क कन्व्हर्टरचे ऑइल नवे असताना बहुधा लाल असते. सीव्हीटीचे हिरवट किंवा पिवळसरही असते. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असल्याने त्यातले ऑइल पिवळट-तपकिरी असते, आणि गिअर बदलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेत स्वतंत्र, अगदी थोडे ऑइल असते. काही ड्राय क्लच डीसीटींमध्येही गिअरचे ऑइल वेगळे आणि मेकॅट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचे) वेगळे असते. तेव्हा आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत आधी पाहावे. पांढऱ्या टिश्यू पेपरवर थेंब टिपून उजेडात पाहिला, तर फरशीवर न कळणारा रंग स्पष्ट कळतो.

थेंब मोजून निश्चिंत होणे

“रात्रभरात पाच-दहा थेंब पडतात, त्याने काय होणार?” हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर रोजच्या दहा थेंबांनी वर्षभरात पावणेदोनशे-दोनशे मिलिलिटर ऑइल जाईल, आणि सहा-सात लिटरच्या गिअरबॉक्सला तेवढे एकदम जाणवणार नाही. हिशेब बरोबर आहे, पण तो उभ्या गाडीचा आहे.

गाडी चालू असताना पंप ऑइल दाबाने फिरवतो, आणि गिअरबॉक्समधून ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या व तेथून परत येणाऱ्या पाइपांमध्ये तो दाब असतो. पाइपाच्या जोडावरची ओ-रिंग (रबरी कडे) कडक झाली असेल, तर उभ्या गाडीखाली एखादाच थेंब दिसतो, पण रस्त्यावर तेथून सतत बारीक फवारा उडत असतो. याच्या उलटही घडते. इंजिन बंद झाल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमधले काही ऑइल खाली चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेमध्ये) उतरते आणि तेथील पातळी वाढते. त्यामुळे एखादे वरच्या बाजूचे सील फक्त गाडी उभी असतानाच पाझरते आणि धावताना कोरडे राहते. फरशीवरच्या थेंबांवरून गळती किती आहे, हे म्हणूनच ठरवता येत नाही.

त्यात नव्या गाड्यांना खालून प्लास्टिकचे आवरण असते. गळलेले ऑइल आधी त्यात साठते, पसरते आणि मग भलत्याच भोकातून, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी, खाली येते. पुठ्ठा अंथरून थेंबाची जागा पाहण्याची जुनी युक्ती आजही चालते, पण तिच्यावरून फार तर गाडीची बाजू कळेल, नेमका सुटा भाग कळणार नाही.

एक गळती अशीही आहे की जिच्यात फरशीवर काहीच पडत नाही. ऑइल आणि कूलंट शेजारून फिरवणाऱ्या कूलरमध्ये आतल्या आत छिद्र पडले, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग दिसणे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखे दुधाळ होणे ही त्याची खूण. असे दिसले तर गाडी सुरूही करू नये, कारण क्लचच्या अस्तराला पाणी लागले की दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

जेथे ओले, तेथेच गळती असे मानणे

ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे सरकते. म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची असते. चेंबर ओले दिसले म्हणून चेंबरचे गॅस्केट बदलणे ही गॅरेजमध्ये नेहमी होणारी चूक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या ठिकाणी ओल दिसली, तर ती इंजिनच्या मागच्या सीलची असू शकते किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचीही, आणि तेथे निर्णय रंगावरूनच होतो. दोन्ही सीलांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे चुकीच्या अंदाजाची किंमत येथे सर्वांत जास्त. ड्राइव्ह शाफ्ट जेथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तेथील सील, ड्रेन बोल्टचा वायसर, कूलर पाइपांचे जोड, वायरिंगचा सॉकेट जेथे आत जातो ती जागा आणि चेंबरची कड ही नेहमीची ठिकाणे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आणि मागचा डिफरन्शियलही तपासावा. डिफरन्शियलच्या जाड ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो.

खात्रीची पद्धत कंटाळवाणी आहे. खालचे आवरण काढून गिअरबॉक्स डीग्रीझरने स्वच्छ करावा, पूर्ण वाळवावा, पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा लिफ्टवर घ्यावी. तरीही कळले नाही, तर ऑइलला चालणारा चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहता येते, किंवा संशयित जोडावर टाल्कम पावडर शिंपडून ओला माग शोधता येतो. पावसाळ्यात ही तपासणी शक्यतो कोरड्या दिवशी करावी, कारण एका सरीत अर्धा पुरावा वाहून जातो. वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने गाडी खालून धुऊन मग सर्व्हिस सेंटरला नेणाऱ्यांचेही तेच होते.

येथे जाता जाता एक सांगितले पाहिजे. गाडी घेताना आग्रहाने गळ्यात मारले जाणारे खालचे काळे अँटी-रस्ट कोटिंग पत्र्यासाठी असते. निष्काळजी कामगार तेच गिअरबॉक्स, बोल्ट आणि सीलवरही मारतो, आणि मग ओल त्या काळ्या थराखाली दिसेनाशी होते. गिअरबॉक्सला हवा बाहेर सोडण्यासाठी एक बारीक नळी असते. ती या थराने किंवा चिखलाने बंद झाली, तर आत दाब वाढून निरोगी सीलसुद्धा पाझरू लागते. सील बदलूनही गळती परतली, तर ती नळी आधी पाहावी.

“थोडे ऑइल टाकून बघू”

सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने केले आहे. आजच्या अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना पातळी मोजायची डिपस्टिकच नसते. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचलून, इंजिन चालू ठेवून, सर्व गिअर एकदा फिरवून आणि ऑइलचे तापमान कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत, अनेक गिअरबॉक्समध्ये ३५ ते ४५ अंशांच्या आसपास, असताना तपासणीचा बोल्ट उघडायचा आणि ऑइल थेंब थेंब बाहेर येते का ते पाहायचे, अशी ती रीत आहे. तापमान स्कॅनरवर वाचावे लागते. सात लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले, तर ते पाव लिटरहून अधिक फुगते. त्यामुळे थंड असताना काठोकाठ भरलेला गिअरबॉक्स तापल्यावर जास्त भरलेला ठरतो. जास्तीचे ऑइल फिरत्या भागांना लागून फेसाळते, हवेच्या नळीतून बाहेर येते, आणि मालकाला वाटते की गळती वाढली. इंजिन बंद ठेवून तपासले तर उलटे होते: कन्व्हर्टरमधून उतरलेले ऑइल बाहेर सांडते, पातळी पुरेशी आहे असा समज होतो आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. पुढचाच भाग जॅकवर चढवून घेतलेले मापही निरुपयोगी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे तर जिवावर बेतणारे आहे.

ऑइलच्या प्रकाराबाबतही तडजोड नको. टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-फोर आणि होंडाच्या सीव्हीटीचे एचसीएफ-टू ही एकमेकांना पर्याय नव्हेत. सीव्हीटीमध्ये धातूचा पट्टा आणि पुली यांची पकड ऑइलच्या गुणधर्मांवर अवलंबून असते. त्यात साधे ऑटोमॅटिकचे ऑइल पडले, तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे येतात आणि ते पुन्हा भरून निघत नाहीत. ‘सर्व गाड्यांना चालते’ असे लिहिलेला डबा म्हणूनच वॉरंटीतल्या गाडीजवळ आणू नये. गळती थांबवणारी औषधेही त्याच पंक्तीत बसतात. ती रबर फुगवतात, काही महिने थेंब थांबतो, आणि वॉरंटीच्या दाव्यात कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते.

चेंबरचे बोल्ट ‘जरा आवळून’ घेणेही असेच अंगाशी येते. त्यांना लागणारा जोर अगदी कमी, ठरावीक आणि टॉर्क पान्यानेच द्यायचा असतो. जास्त आवळले की पत्र्याची कड वाकते, प्लास्टिकचे चेंबर तडकते, आणि पाझराची धार होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी बोलून परतणे

माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी हीच चूक दोनदा केली. दोन्ही वेळा “सर, थोडे सीपेज आहे, नॉर्मल आहे” असे ऐकून, खालून पुसलेली गाडी घेऊन मी समाधानाने घरी आलो. तिसऱ्या खेपेला तारखेसह फोटो नेले आणि तक्रार माझ्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह जॉब कार्डवर लिहून घेतली. तेव्हा कुठे आवरण निघाले आणि कूलर पाइपाच्या जोडावरची ओ-रिंग बदलली गेली.

पाझर आणि गळती यांत फरक असतो, हे मान्यच आहे. कडेला धूळ धरून बसलेली, थेंब न होणारी ओल काही काळ निरीक्षणाखाली ठेवता येते. पण ती ‘निरीक्षणाखाली’ आहे असे जॉब कार्डवर लिहिलेले हवे. अनेक कंपन्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची असते. मुदत संपण्यापूर्वी नोंदवलेली तक्रार नंतर कामाला येते, तोंडी सांगितलेली येत नाही. वाढीव वॉरंटी घेतली असेल, तर तिच्यात सील आणि गॅस्केट धरली आहेत का, ते वाचावे. दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ असा क्रम ठेवावा.

दगडावर किंवा उंच गतिरोधकावर चेंबर आपटून गळती सुरू झाली असेल, तर मामला वॉरंटीचा राहत नाही, विम्याचा होतो. दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर ती वाढ मालकाच्या जबाबदारीवर, अशी अट मोटार विम्यात असते. म्हणून गाडी जागेवर थांबवावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. इंजिन प्रोटेक्ट हे पूरक संरक्षण घेतले असेल, तर त्यात गिअरबॉक्सही येतो का, हे पॉलिसीत पाहावे.

लक्षणे दिसत असतानाही घाट चढणे

‘डी’ टाकल्यावर गाडी एक-दोन सेकंद थांबून मग ओढ घेत असेल, वळणावर किंवा चढावर इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, किंवा करपल्यासारखा वास येत असेल, तर ऑइल धोक्याच्या पातळीखाली गेले आहे असे समजावे. बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झाल्याचा वेगळा दिवा नसतो. दिवा लागतो तो गिअरबॉक्स तापल्यावर, म्हणजे उशिराच. अशा अवस्थेत पाच माणसे आणि सामान घेऊन वरंधा किंवा आंबोली चढू नये. गाडी उचलून न्यावी लागली, तर चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड मागवावा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सला जोडलेली चाके रस्त्यावर ठेवून ओढलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोरडाच फिरत राहतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना कोणते ऑइल किती घातले आणि पातळी किती तापमानावर तपासली, हे बिलावर लिहून मागावे. पाचशे किलोमीटरनंतर आवरण काढून पुन्हा पाहण्याची वेळही तेव्हाच ठरवून घ्यावी.