पोटमाळ्याला किती वायुवीजन हवे? हिशेबातल्या या चुका टाळा

उतरत्या छपराखालच्या बंद पोटमाळ्यात हवा खेळती नसेल, तर थंडीत घरातून वर चढलेली वाफ छपराच्या गार फळ्यांवर थिजते, खिळ्यांच्या टोकांवर थेंब धरतात आणि लाकडाला काळी बुरशी लागते. अशा वेळी एखादा झरोका वाढवून मोकळे होण्याकडे कल असतो. पण झरोके किती, यापेक्षा हवेला प्रत्यक्षात किती मोकळी वाट मिळते आणि ती वर-खाली कशी विभागली आहे, हे पाहायला हवे.

अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतला नियम सोपा आहे: पोटमाळ्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा हवी. त्यातली ४० ते ५० टक्के जागा आढ्याजवळ आणि उरलेली वळचणीला असेल, शिवाय अतिथंड हवामानात छताच्या उबदार बाजूला बाष्परोधक थर असेल, तर १/३०० चालते. या अटी पुऱ्या होतात की नाही याची खात्री नसताना १/३०० धरणे ही पहिली चूक. तळाऐवजी छपराच्या उतरत्या पाख्यांचे माप घेणे ही दुसरी.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र झरोक्याची चौकट मोजण्याची आहे. समजा, तळ ९० चौरस मीटर आहे आणि १/३०० लागू होते. मग एकूण ३,००० चौरस सेंटीमीटर लागतात, म्हणजे खाली १,५०० आणि वर १,५००. २० × ४० सेंटीमीटरचा झरोका ८०० चौरस सेंटीमीटरचा दिसतो, म्हणून खाली दोन पुरतील असे वाटते. पण पट्ट्या आणि कीटकजाळी वजा जाता उत्पादकाने त्याची मोकळी जागा ४५० दिली असेल, तर दोघांचे मिळून ९००च होतात आणि प्रत्यक्षात चार झरोके बसवावे लागतात. जाळीवर धूळ साचली की ही जागा आणखी घटते, त्यामुळे जाळी अधूनमधून झाडावी.

वरची जागा खालच्यापेक्षा जास्त ठेवू नये. वळचणीतून पुरेशी हवा मिळाली नाही, तर छतातल्या फटींतून घरातलीच उबदार, दमट हवा वर ओढली जाते. विजेचा पंखा बसवल्यास हा धोका वाढतो, आणि धुराडे असलेल्या गॅस उपकरणाचा धूर उलटा घरात येण्याची शक्यताही निर्माण होते. आढ्याला सलग फट असताना त्रिकोणी भिंतीतले जुने झरोके उघडे ठेवले, तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि वळचणीकडचा भाग कोंदटच राहतो.

कागदावरचा हिशेब बरोबर असूनही ओल येत असेल, तर भर दुपारी दिवे बंद करून पोटमाळ्यातून वळचणीकडे पाहावे. जिथे उजेडाची रेघ दिसत नाही, तिथे बहुधा इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) कोंबले गेले आहे. तिथे आडोसा बसवून छपराखाली किमान २५ मिलिमीटरची वाट मोकळी ठेवावी. न्हाणीघराच्या एक्झॉस्ट फॅनची नळी पोटमाळ्यातच सोडलेली नाही ना, हेही तपासावे, कारण ती वाफ कोणत्याही गुणोत्तराने आवरत नाही. नळी छपराबाहेरच काढावी लागते. पोटमाळ्यावर चढण्याच्या झडपेच्या आणि दिव्यांच्या छिद्रांच्या फटीही बुजवाव्यात.

इन्सुलेशन तळावर नसून छपराच्या पाख्यांनाच चिकटवलेले असेल, तर तो पोटमाळा हवाबंद ठेवण्यासाठीच रचलेला असतो. तिथे वरील गणित लावून झरोके पाडू नयेत.