गेट बघू नका, गेटातून काय दिसतं ते बघा

थीम पार्क, वॉटर पार्कच्या डिझाइनमध्ये येऊ का म्हणून गावाकडची दोन-तीन पोरं विचारून राहिली, म्हणून लिहितो. सॉफ्टवेअर, पोर्टफोलिओ तुम्हाला माहीतच आहे. मी जिथं आपटलो तेवढंच सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, सिव्हिल डिप्लोमावाला. पहिलं मोठं काम हायवेलगतच्या एका वॉटर पार्कचं गेट. २५ फुटी कमान, दोन बाजूंना फायबरचे हत्ती. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं खऱ्यासारखं चित्र, पाहून मालक खूश. गेट उभं झालं अन् रोडवरून पाहतो तर कमानीच्या बरोबर मधात संडासावरच्या तीन काळ्या टाक्या! रेंडरमध्ये मी तिथं निळं आभाळ टाकलं होतं.

हे नीट समजून घ्या. कमान ही चौकट असते, तिच्यात जे येईल त्याच्यावरच नजर जाते, मग तुमचे हत्ती कितीही देखणे असोत. आणि माणूस समोर उभा राहून गेट बघत नाही, तो पार्किंगपासून उन्हातान्हात चालत येतो, पोरगं सोबत असतं अन् त्याची नजर तीन फुटांवर. मी मे महिन्यात भर दुपारी मोबाईल कमरेजवळ धरून पार्किंगपासून आतपर्यंत व्हिडिओ काढला. त्यात काय आलं? तापलेली रेलिंग, मोठ्यांचे पाय, तिकीट खिडकीची भिंत. हत्ती एकदाही नाही. खिडकी तर मी कमानीखालीच दिली होती, म्हणजे जिथं मन हरखायचं नेमकं तिथंच बाप पाकीट काढून हिशेब करतो.

१९५५ ला उघडलेल्या डिस्नीलँडचा नकाशा मी नंतर समजून घेतला, आधी घ्यायला पाहिजे होता. तिकीट बाहेरच. मग समोर मातीचा बांध, त्यावर रेल्वे स्टेशन, आतलं काही दिसत नाही. दोन बाजूंनी छोटे बोगदे, त्यातून निघालं की चौक, सरळ रस्ता अन् टोकाला किल्ला. किल्ला फक्त ७७ फूट, पण वरचे भाग मुद्दाम लहान मापाचे केल्यामुळे उंच वाटतो.

आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात गुहेचे देखावे असतात, त्यात हेच असतं ना! वाकून अंधारातून जायचं, वळण घ्यायचं, मग देवी. मंडप बांधणारे एक काका मला म्हणाले होते, "देवी रोडवरूनच दिसली तं माणूस आत कायले येईन?" माझं स्पष्ट मत आहे, महागड्या तीन महिन्यांच्या कोर्सपेक्षा नवरात्राआधी पंधरा दिवस अशा माणसाच्या हाताखाली बांबू उचला. अन् नेटवरचे गेटचे फोटो कॉपी करू नका, फोटोवाल्यानं चांगला अँगल निवडलेला असतो, तुमच्या गिऱ्हाइकाला तो निवडता येत नाही.

पण घाबरू नका, असं चुकलेलं गेट पाडावं लागत नाही. खिडकी पार्किंगजवळ शेडमध्ये नेली, वाट वाकडी केली, दोन्ही अंगांना दाट बांबू लावला. फीमधले पैसे कापले गेले, ते वर्ष लय कठीण गेलं, घरी सांगितलंही नव्हतं.

बांबू भरायला दोन पावसाळे लागले. परवा गेलो होतो. वळणावर पाण्याचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं, अन् एक पोरगी आईचा पदर ओढत होती, "चाल नं वं आई, लवकर चाल नं."